वाया जाणाऱ्या उष्णतेपासून थंडावा आणि वीज: मोजणीपासून देखभालीपर्यंत

इंजिनाच्या जॅकेटमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या कवचातून) येणारे ९० अंशांचे पाणी, बॉयलरच्या धुराड्यातून जाणारे २०० अंशांच्या आसपासचे वायू आणि वाफेच्या वाटेवर जमणारे कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले गरम पाणी) ही सगळी उष्णता पैसे मोजून घेतलेल्या इंधनातूनच आलेली असते. बहुतेक लहान-मध्यम कारखान्यांत ती रेडिएटर, कूलिंग टॉवर किंवा धुराडे यांच्यावाटे हवेत सोडली जाते, आणि त्याच वेळी भिंतीच्या पलीकडे विजेवरचा चिलर पाणी थंड करत असतो. ही उष्णता कामाला लावता येते, त्यासाठीची यंत्रे देशात मिळतात, आणि पुण्याच्या थरमॅक्ससारख्या कंपन्या ती अनेक वर्षांपासून बनवत आहेत. तरीही असे प्रकल्प फसतात. यंत्र वाईट निघाले म्हणून फसण्याचे प्रसंग थोडे असतात. उष्णता नीट मोजलेली नव्हती, किंवा तिचा चुकीचा उपयोग निवडला गेला, हीच कारणे बहुधा पुढे येतात. म्हणून या लेखात यंत्राची ओळख नंतर येईल आणि मोजणी आधी.

आधी उष्णता, मग थंडावा, वीज शेवटी

ऊर्जेच्या प्रमाणाइतकेच तिच्या तापमानालाही महत्त्व असते. उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम काढता येईल याची मर्यादा निसर्गाने घालून दिलेली आहे, आणि ती उष्ण व थंड बाजूंच्या निरपेक्ष तापमानांवर अवलंबून असते. उष्ण बाजू ९० अंशांची आणि थंड बाजू आपल्याकडच्या कूलिंग टॉवरमुळे सुमारे ३५ अंशांची धरली, तर ही मर्यादा १५ टक्क्यांच्या थोडी वर येते. प्रत्यक्ष यंत्र त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचते. त्यामुळे ९० अंशांच्या पाण्यापासून वीज करायला निघालेल्या माणसाने १०० भाग उष्णतेतून ६ ते ७ भाग विजेची अपेक्षा ठेवावी, आणि त्यातूनही पंपांची वीज वजा करावी.

एक उदाहरण घेऊन पुढचा सगळा हिशेब त्यावरच करू. सुमारे २५० किलोवॅटचे, बायोगॅसवर सतत चालणारे एक इंजिन आहे आणि त्याच्या जॅकेटच्या पाण्यातून १३५ किलोवॅट उष्णता घेता येते असे समजा. या उष्णतेपासून वीज केली तर जेमतेम ८ किलोवॅट मिळेल. हीच उष्णता थंडावा करण्यासाठी वापरली, तर सुमारे २७ टन क्षमतेचा विजेवरचा चिलर बंद करता येतो आणि त्यातून, पुढे दाखवल्याप्रमाणे, निव्वळ २४ किलोवॅटपर्यंत वीज वाचते. आणि ही उष्णता बॉयलरचे पाणी ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवायला लावली, तर तासाला १३ ते १४ किलो फर्नेस ऑइल वाचते. कारखान्याला गरम पाण्याची गरज असेल, तर ती आधी भागवावी. त्यात यंत्र म्हणून एक प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी एकमेकांत न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारे साधन) आणि एक पंप लागतो, आणि बिघडण्यासारखे फारसे काही नसते. गरम पाण्याची गरज भागूनही उष्णता उरली, किंवा मुळात तशी गरजच नसली, तरच थंडाव्याकडे वळावे.

मोजणी

इंजिनाच्या किंवा बॉयलरच्या माहितीपत्रकातील आकडे पूर्ण भारावरचे असतात. प्रत्यक्षात इंजिन ६० ते ७० टक्के भारावर चालत असेल, तर उष्णताही तशीच कमी मिळते. म्हणून पाइपावर बाहेरून बसणारा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर भाड्याने आणावा, पाणी इंजिनातून बाहेर पडते तेथे आणि परत येते तेथे तापमान मोजणारे संवेदक बसवावेत, आणि निदान दोन आठवडे, दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंद होईल अशी व्यवस्था करावी. या दोन आठवड्यांत रविवार, पाळी बदलण्याच्या वेळा आणि इंजिनाच्या देखभालीचा एखादा दिवस आलाच पाहिजे, कारण उष्णता नसलेले तास हे उष्णता असलेल्या तासांइतकेच महत्त्वाचे आहेत.

आकडेमोड अवघड नाही. ताशी १२,००० लिटर पाणी ९० अंशांवरून ८० अंशांवर येत असेल, तर १२,००० गुणिले १० म्हणजे ताशी १,२०,००० किलोकॅलरी. त्या तापमानाला पाण्याची घनता थोडी कमी असल्यामुळे साडेतीन टक्के वजा करावे, म्हणजे सुमारे १,१६,००० किलोकॅलरी, अर्थात १३५ किलोवॅट उरतात. एका फेरीच्या, म्हणजे दिलेली उष्णता एकदाच वापरणाऱ्या, साध्या व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीनला (थोडक्यात व्हॅम, उष्णतेवर चालणारा चिलर) जितकी उष्णता द्यावी त्याच्या सुमारे ७० टक्के थंडावा मिळतो. एक टन थंडावा म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. तेव्हा १,१६,००० चे ७० टक्के घेऊन ३,०२४ ने भागले की २७ टनांच्या आसपास आकडा येतो.

धुराड्यातील वायूंची मोजणी अधिक काळजीने करावी लागते. वायूचा प्रवाह थेट मोजण्यापेक्षा इंधनाचा खप आणि वायूतील प्राणवायूचे प्रमाण यांवरून तो काढणे बरेचदा अधिक विश्वासार्ह ठरते. यात एक मर्यादा पाळावीच लागते. गंधक असलेले इंधन जळते तेव्हा धुरातील वायू एका ठरावीक तापमानाखाली गेले की त्यातून सल्फ्युरिक आम्ल नळ्यांवर जमू लागते आणि साधे पोलाद काही हंगामांत खाऊन टाकते. फर्नेस ऑइलवर वायू सुमारे १५० अंशांच्या खाली नेऊ नयेत. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशपासून (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून) केलेल्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड भरपूर असतो. तो आधी काढून टाकला नसेल, तर तेथेही हीच काळजी घ्यावी. नैसर्गिक वायूला ही अडचण फार कमी येते.

उष्णता आणि गरज एकाच वेळी आहेत का

या प्रश्नावर बहुतेक बेतांचा निकाल लागतो, आणि तो कागदावर एका दुपारात तपासता येतो. वर्षाचे बारा महिने आडवे मांडावेत, वरच्या ओळीत उष्णता आणि खालच्या ओळीत थंडाव्याची गरज लिहावी. साखर कारखान्याचे उदाहरण पाहा. त्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो; उष्णता अमाप असते, पण त्या थंडीच्या महिन्यांत कार्यालयांच्या वातानुकूलनाची गरज सर्वांत कमी असते, आणि मे महिन्यात गरज वाढते तेव्हा गव्हाण बंद असते. अशा ठिकाणी केवळ कार्यालये थंड करण्यासाठी व्हॅम बसवणे परवडणार नाही. मात्र त्याच आवारात वर्षभर चालणारी डिस्टिलरी असेल आणि तिच्या फर्मेंटरना (आंबवण्याच्या टाक्यांना) बारमाही थंडावा लागत असेल, तर चित्र पूर्ण बदलते.

याउलट रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंब्याच्या पल्पचे कारखाने पाहावेत. एप्रिल ते जून या काळात बॉयलर जोरात असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पल्प थंड करण्यासाठी आणि साठवणुकीसाठी थंडावा लागतो. वेळ इतकी चांगली जुळूनही हंगाम दोन-अडीच महिन्यांचाच असल्यामुळे महागडे यंत्र नऊ महिने पडून राहते. कोकणातील उद्योजकाने अशा वेळी कोकम, काजू, मासळी अशी इतर प्रक्रिया त्याच बॉयलरवर वर्षभर चालते का हे आधी पाहावे. माझ्या मते वर्षाला निदान ५,००० तास उष्णता आणि गरज एकत्र येत नसतील, तर या मार्गाला जाऊच नये.

राखीव डिझेल जनरेटर, म्हणजे वीज गेली तरच सुरू होणारे, यासाठी अजिबात चालत नाहीत. व्हॅम स्थिरावायलाच वेळ लागतो, आणि तासा-दोन तासांच्या चालण्यातून हाती फारसे काही लागत नाही.

कोणते यंत्र

नेहमीच्या चिलरमध्ये विजेवरचा कॉम्प्रेसर असतो. व्हॅममध्ये त्याची जागा उष्णता आणि एक मीठ घेते. यंत्राच्या एका कप्प्यात जवळजवळ पूर्ण निर्वात असते आणि तेथे पाण्याची वाफ ४-५ अंशांनाच होते. ही वाफ होताना पाणी भोवतीच्या नळ्यांतली उष्णता ओढून घेते, आणि नळ्यांतले पाणी ७ अंशांपर्यंत थंड होते. तयार झालेली वाफ शेजारच्या कप्प्यातील लिथियम ब्रोमाइडचे दाट द्रावण ओढून घेते, पावसाळ्यात उघडे राहिलेले मीठ हवेतील ओल ओढते तसे. पातळ झालेले हे द्रावण मग आपल्या वाया जाणाऱ्या उष्णतेने तापवून पुन्हा दाट करायचे, आणि निघालेली वाफ कूलिंग टॉवरच्या पाण्याने पुन्हा द्रवरूप करायची, असे हे चक्र आहे. विजेवर चालतात ते फक्त द्रावणाचे छोटे पंप आणि बाहेरचे पाण्याचे पंप.

८० ते ९५ अंशांचे पाणी असेल, तर एका फेरीचे यंत्र घ्यावे. ४ ते ८ बारची वाफ किंवा इंजिनाचे ४०० अंशांच्या आसपासचे वायू उपलब्ध असतील, तर दोन फेऱ्यांचे, म्हणजे तीच उष्णता दोनदा वापरणारे, यंत्र घ्यावे, कारण ते दिलेल्या उष्णतेच्या १.२ ते १.४ पट थंडावा देते. पाणी ६० ते ८० अंशांचेच असेल, तर सिलिका जेल वापरणारी ॲडसॉर्प्शन यंत्रे आहेत. ती ४० ते ६० टक्केच थंडावा देतात, आकाराने अवाढव्य असतात आणि महागही पडतात, पण त्यांत द्रावण गोठण्याची भीती नसते.

लिथियम ब्रोमाइडच्या यंत्राची एक मर्यादा दूध आणि फळांच्या धंद्यातील लोकांनी नीट समजून घ्यावी. त्यात थंडावा देणारा द्रव पाणीच असल्यामुळे शून्याच्या खाली जाता येत नाही, आणि नेहमीच्या वापरात ७ अंशांचे चिल्ड वॉटर गृहीत धरावे. दूध ४ अंशांवर न्यायचे असेल, तर त्यासाठी १ ते २ अंशांचे पाणी लागते, आणि ते या यंत्रातून मिळणार नाही. योग्य मांडणी अशी: गावोगावहून ३०-३५ अंशांवर आलेले दूध पहिल्या प्लेट चिलरमध्ये व्हॅमच्या पाण्याने १० अंशांपर्यंत आणावे आणि शेवटचे ६ अंश अमोनियाच्या जुन्या कॉम्प्रेसरवर सोपवावेत. दोन्ही टप्पे एकापाठोपाठ, मध्ये टाकी न ठेवता झाले पाहिजेत. दूध १० अंशांवर थांबता कामा नये. अशा रीतीने तीन चतुर्थांशांहून अधिक भार उष्णतेवर जातो आणि कॉम्प्रेसरचे तास घटतात. शून्याखालचा थंडावा उष्णतेवरच हवा असेल, तर अमोनिया आणि पाणी यांच्या जोडीचे यंत्र लागते. त्याचे तत्त्व फर्दिनां कारे या फ्रेंच अभियंत्याने १८५९ मध्ये मांडले. पण त्याला १०० अंशांहून बरीच वरची उष्णता लागते, आणि अमोनियाच्या सुरक्षेचे सगळे नियम लागू होतात.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक पर्याय विचारात घ्यावा. तेथे थंडाव्याचा बराचसा भार हवेतील दमटपणा काढण्यातच जातो. सिलिका जेलचे फिरते चाक हवेतील ओल शोषते आणि ६० ते ८० अंशांच्या हवेने पुन्हा कोरडे होते. औषधांच्या किंवा मसाल्यांच्या पॅकिंग विभागात कोरडी हवा हवी असेल, तर उष्णता व्हॅमकडे नेण्याऐवजी या चाकाकडे नेणे अनेकदा सोपे आणि स्वस्त पडते.

जोडणी करताना

इंजिनाचे जॅकेट वॉटर थेट व्हॅममध्ये कधीही नेऊ नये. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर ठेवावा, म्हणजे इंजिनाच्या पाण्यातील रसायने, घाण आणि गळती इंजिनाच्याच मंडलात राहते. हा एक्स्चेंजर ३ ते ४ अंश खातो, म्हणून ९० अंशांच्या पाण्यापासून व्हॅमला ८६-८७ अंशांचेच पाणी मिळेल, आणि यंत्राची क्षमता पुरवठादाराकडून त्याच तापमानाला लिहून घ्यावी. ९५ अंशांवर लिहिलेल्या क्षमतेचा आपल्याला उपयोग नाही, कारण गरम पाण्याचे तापमान थोडे जरी उतरले तरी या यंत्रांची क्षमता झपाट्याने पडते.

इंजिनाचा जुना रेडिएटर काढून टाकू नये. तो एक्स्चेंजरच्या पुढे, त्याच ओळीत राहू द्यावा. व्हॅम बंद पडली किंवा तिचा भार कमी झाला, तर उरलेली उष्णता रेडिएटरने बाहेर टाकली पाहिजे. नाहीतर थंडाव्याचे यंत्र बंद पडले म्हणून वीज देणारे इंजिन तापून थांबेल. उलट बाजूने, इंजिनात परत जाणारे पाणी फार थंड झाले तरी ब्लॉकला अपाय होतो. यासाठी तीन वाटांचा व्हॉल्व्ह बसवावा आणि परतीचे तापमान इंजिनाच्या निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत राखावे. ही सगळी रचना इंजिनाच्या निर्मात्याला आधी दाखवून त्याची लेखी संमती घ्यावी, कारण वॉरंटीचा प्रश्न नंतर उपस्थित होतो.

धुराड्याच्या वायूंपासून वाफ करायची असेल, तर ते पात्र कायद्याने बॉयलर ठरते आणि राज्याच्या बाष्पके संचालनालयाची नोंदणी व तपासणी लागते. १०० अंशांच्या खालीच पाणी तापवणारी रचना या व्याख्येत येत नाही. लहान कारखान्याला एका फेरीचे, गरम पाण्यावरचे यंत्र सोयीचे पडते याचे हेही एक कारण आहे.

पाण्याचा हिशेब

या विषयावरच्या विक्रीपत्रकांत सर्वांत कमी लिहिलेली, आणि मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांत सर्वांत आधी विचारायची गोष्ट म्हणजे पाणी. विजेवरचा चिलर एक टन थंडावा देताना साधारण ४.२ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. एका फेरीची व्हॅम तेवढ्याच थंडाव्यासाठी ८.५ किलोवॅट बाहेर टाकते, कारण तिला चालवणारी उष्णताही शेवटी कूलिंग टॉवरवरच येते. म्हणजे टॉवर दुप्पट, पंप मोठे, आणि बाष्पीभवनही दुप्पट: टनाला तासाला १२ ते १३ लिटर.

आपल्या २७ टनांच्या यंत्राला तासाला सुमारे ३४० लिटर पाणी नुसते हवेत सोडावे लागेल. टॉवरमधील क्षार वाढू नयेत म्हणून थोडे पाणी सतत बाहेर काढावे लागते. क्षार चौपट होईपर्यंत चालवले, तर त्यासाठी आणखी ११० लिटर लागतात. दिवसाला २० तास यंत्र चालले, तर हे पाणी ९,००० लिटर होते, म्हणजे रोज जवळजवळ एक टँकर. हवेने थंड होणारा विजेवरचा चिलर यातले थेंबभरही पाणी घेत नाही. ज्या गावात एप्रिलमध्ये लोक हंड्यांच्या रांगेत उभे असतात, तेथे कारखान्याने रोज एक टँकर हवेत उडवणे हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही, आणि निर्णय घेणाऱ्याने ही बाजू वजनात धरली पाहिजे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून येणारे पाणी गाळून आणि मृदू करून टॉवरला वापरता येते. ते उपलब्ध असेल, तरच पाणीटंचाईच्या भागात हा बेत करावा असे मला वाटते.

हवामानाचा परिणाम काहीसा अनपेक्षित असतो. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते, पण ती कोरडी असल्यामुळे ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचे तापमान रत्नागिरीपेक्षा कमी असते, आणि टॉवरचे पाणी त्यावरच अवलंबून असते. त्यामुळे तीच व्हॅम विदर्भाच्या उन्हाळ्यात कोकणापेक्षा चांगली चालते. फक्त पाणी मिळाले पाहिजे.

पैशांचा हिशेब

हवेने थंड होणारा लहान चिलर टनाला सुमारे १.२ किलोवॅट घेतो असे धरू, म्हणजे २७ टनांना ३२ किलोवॅट. व्हॅम, तिचे सगळे पंप आणि टॉवरचा पंखा यांसाठी ८ किलोवॅट वजा केले की २४ उरतात. वर्षाला ६,००० तास धरले तर १,४४,००० युनिट, आणि युनिटला ९ रुपये धरले तर सुमारे १३ लाख रुपये. टँकरचे पाणी विकत घ्यावे लागत असेल आणि टँकरला १,५०० रुपये पडत असतील, तर ३०० दिवसांचे साडेचार लाख वजा होऊन साडेआठ लाख उरतात. सध्याचा चिलर पाण्याने थंड होणारा आणि चांगला असेल, तर तो टॉवर-पंपांसह टनाला ०.८५ किलोवॅटच्या आसपास घेतो, आणि बचत १५ किलोवॅटवर येते; मात्र अशा वेळी पाण्याचा वाढीव खर्चही निम्माच मोजायचा. आपले दर, आपले तास आणि आपला जुना चिलर घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. पुरवठादाराच्या तक्त्यात पाण्याची ओळ नसेल, तर ती घालायला सांगावी.

उन्हावर चालणारी व्हॅम

कारखान्यात उष्णता नसली तरी छतावर निर्वात नळ्यांचे सौर तापक लावून व्हॅम चालवावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. तसे प्रयोग झाले आहेत. गुरुग्रामजवळच्या सरकारी सौर ऊर्जा केंद्रात थरमॅक्सने तीन फेऱ्यांच्या यंत्राचा १०० किलोवॅटचा प्रकल्प उभा केला होता. शिर्डीच्या प्रसादालयात परावर्तक तबकड्यांवर वाफ करून स्वयंपाक होतो, आणि तो उष्णतेचा उष्णता म्हणूनच केलेला उपयोग असल्यामुळे रास्त आहे. थंडाव्याचे गणित मात्र आता बदलले आहे. भर उन्हात एका टनासाठी सुमारे ११ चौरस मीटर सौर तापक लागतो. तोच टन चांगल्या विजेवरच्या चिलरने द्यायचा, तर एका किलोवॅटचे, म्हणजे सुमारे ५ चौरस मीटरचे फोटोव्होल्टाइक पॅनेल पुरते, वेगळे पाणीही लागत नाही, आणि सुटीच्या दिवशीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते. म्हणून वाया जाणारी उष्णता हाताशी नसेल, तर थंडाव्यासाठी छतावर पॅनेल लावावीत, तापक लावू नयेत.

वीज कधी करावी

गरम पाण्याची आणि थंडाव्याची गरज भागवूनही उष्णता उरत असेल, ती १२० अंशांच्या वर असेल आणि बारा महिने मिळत असेल, तर ऑर्गॅनिक रँकिन चक्राचा विचार करावा. यात पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव, पेंटेन किंवा शीतयंत्रात वापरतात तसला एखादा द्रव, उकळवून त्याच्या वाफेवर छोटे टर्बाइन फिरवतात. सिमेंट आणि काचेच्या भट्ट्यांसारख्या ठिकाणी, जेथे वायू २५०-३०० अंशांना सुटतात, हे यंत्र आपली किंमत वसूल करू शकते.

कमी तापमानाची वीज म्हटले की अलास्कातील चेना येथील गरम पाण्याच्या झऱ्यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या झऱ्याच्या पाण्यावर २०० किलोवॅटची यंत्रे चालली, आणि त्यांची कार्यक्षमता ८ टक्क्यांच्या आसपास होती. पण तेथे थंड बाजूला ४ अंशांचे पाणी होते. दापोली तालुक्यातील उन्हवरे येथील झऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते. म्हणजे उष्ण बाजू जवळजवळ तीच आहे, पण थंड बाजूला आपल्याकडे फार तर ३० अंशांचे पाणी मिळेल. चेनाची सैद्धांतिक मर्यादा २० टक्के येते, उन्हवरेची १२ टक्क्यांहून कमी. प्रत्यक्ष यंत्राचे आणि पंपांचे नुकसान वजा केल्यावर हातात फारच थोडे उरेल. अशा झऱ्याची उष्णता फळे आणि मासळी वाळवण्यासाठी अधिक उपयोगी आहे. चेनामध्येही त्याच झऱ्याच्या उष्णतेवर अमोनियाचे ॲब्सॉर्प्शन यंत्र चालवून बर्फाचे संग्रहालय भर उन्हाळ्यात गोठलेले ठेवतात. त्या यंत्रालाही थंड पाण्याचा तोच आधार आहे, आणि एरवी अमोनियाच्या यंत्राला न पुरणारी ७४ अंशांची उष्णता तेथे केवळ त्यामुळे पुरते.

चालवणे आणि जपणे

व्हॅमचे दोन शत्रू आहेत: आत शिरणारी हवा आणि गोठणारे मीठ. यंत्राच्या थंड कप्प्यात दाब अवघा ६ ते ७ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, म्हणून केसाएवढी फट पडली तरी हवा आत येते, क्षमता उतरते आणि प्राणवायूमुळे आतले पोलाद गंजू लागते. निर्वात पंप किती वेळा चालवावा लागतो याची नोंद रोज ठेवावी. महिन्यातून एकदा लागणारा पंप आठवड्याला लागू लागला, तर गळती शोधण्यासाठी कुशल माणूस लगेच बोलवावा. क्षमता पडेपर्यंत थांबू नये. द्रावणाचा नमुना वर्षातून निदान एकदा प्रयोगशाळेत पाठवावा आणि गंजरोधकाचे व विरघळलेल्या लोखंडाचे प्रमाण तपासून घ्यावे.

मीठ गोठण्याचा धोका तीन प्रसंगी असतो: टॉवरचे पाणी अचानक फार थंड झाले, गरम पाणी मर्यादेपेक्षा तापले, किंवा यंत्र चालू असताना वीज गेली. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नाशिक-पुण्याकडे टॉवरचे पाणी सहज २० अंशांच्या खाली जाते, म्हणून टॉवरच्या पंख्याला तापमानाप्रमाणे थांबणारी यंत्रणा हवीच. वीज जाण्याची बाब अधिक गंभीर आहे. यंत्र नेहमीच्या पद्धतीने बंद केले की द्रावणाचे पंप काही मिनिटे चालू राहून दाट आणि पातळ द्रावण एकत्र करतात आणि मगच थांबतात. वीज एकदम गेली तर हे होत नाही, दाट द्रावण यंत्राच्या आतल्या हीट एक्स्चेंजरमध्येच अडकते आणि थंड होऊन घट्ट बसते. मग यंत्र बाहेरून तासन्‌तास शेकून ते मोकळे करावे लागते. ज्या औद्योगिक वसाहतीत वीज वारंवार जाते, तेथे द्रावणाचे पंप आणि नियंत्रण पॅनेल स्वतंत्र यूपीएसवर घ्यावेत. हे पंप लहान असल्यामुळे तो खर्च फार नसतो. त्याच वेळी व्हॅमकडे येणारे गरम पाणी आपोआप बंद होऊन रेडिएटरकडे वळेल असा, वीज गेल्यावर स्प्रिंगने बंद होणारा व्हॉल्व्ह बसवावा, आणि यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी पुरवठादाराच्या माणसांसमोर, यंत्र पूर्ण भारावर असताना, मुख्य स्विच पाडून ही सगळी साखळी प्रत्यक्ष चालते की नाही हे पाहावे.